मेघूची शिंपणाची हाक

समजा, तुम्ही अजून दोन वर्षांचेसुद्धा झालेले नाहीत. हसू नका. समजा म्हटलं की समजायचं. तुमच्या तोंडात दात थोडे आहेत आणि शब्द त्याहून थोडे. आणि तुमच्यासमोर एक मोठा माणूस पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा धरून बसलाय. त्यावर आंब्याचं चित्र आहे. तो विचारतो, "हे काय आहे?"

तुम्ही त्याच्याकडे बघता. हा माणूस मोटारसायकल चालवतो. रोज बोईसरला जाऊन परत घरी येतो, वाट चुकत नाही. आणि याला आंबा माहीत नाही? तुम्हाला त्याची दया येते. तुम्ही सांगून टाकता, "आंबा." लगेच तो टाळ्या पिटतो, तुम्हाला उचलून गरागरा फिरवतो. बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस तोच पुठ्ठा घेऊन येतो आणि पुन्हा विचारतो, "हे काय आहे?"

म्हणजे विसरला. आता किती दिवस सांगत बसाल?

केळव्याच्या मेघालीचं नेमकं असंच झालं होतं. पुठ्ठा धरणारा माणूस म्हणजे तिचा पप्पा, शैलेश. बोईसरच्या औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत तो पाळीवर काम करायचा. मेघू पहिल्यांदा "आंबा" म्हणाली त्या दिवशी त्याने कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. "केळं" म्हणाली तेव्हा पेढे नव्हते, पण बातमी होती. मग "माऊ", मग "चेंडू". रोज दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी शैलेश मेघूचा नवा शब्द सांगायचा, आणि बाकीच्यांनी तो ऐकेपर्यंत पोळीला हात लावायचा नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण शब्द काही रोज नवा येत नसतो. एकदा चार दिवस काहीच आलं नाही, आणि कँटीनमध्ये सगळे शैलेशच्या तोंडाकडे बघायला लागले. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता काय, वाक्यात बोलते ती."

"वाक्यात?" धीरजने विचारलं. धीरज त्याचा मित्र. मित्र असल्यामुळे तो शैलेशची कुठलीच गोष्ट सहजासहजी सोडत नसे. "दोन वर्षं पुरी नाहीत आणि वाक्यात?"

"अगदी स्पष्ट."

"एखादं सांग ना."

शैलेशने घास चावायला फार वेळ लावला. "आता आठवत नाही. खूप असतात."

झालं. त्या दिवसापासून शैलेश काहीही म्हणाला तरी कोणीतरी विचारायचं, "हे मेघाली बोलली का?" शैलेश म्हणाला, बॉयलरचं प्रेशर कमी झालंय, तर हाच प्रश्न. शैलेश म्हणाला, उद्या बस उशिरा येणार, तरी हाच. पाळीचे साहेब भगवंतसिंग मूळचे उत्तरेकडचे. त्यांना मराठी सगळी समजायची, बोलायचे मात्र हिंदी. तेसुद्धा एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "शैलेश, रिपोर्ट बिटिया से चेक करवा लिया?" शैलेशला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं बोललं तरी कोणी मानत नाही, अशी वेळ आली होती.

धीरज म्हणाला, "व्हिडिओ दाखव की. मिटला विषय."

पण फोन बाहेर काढला की मेघूला बोलायचं नसे, फोन हवा असे. शैलेशकडे एकच व्हिडिओ होता. त्यात आधी मेघूचं नाक होतं आणि मग बराच वेळ अंधार.

शेवटी शैलेशने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "रविवारी घरी या. कानाने ऐका. नाही बोलली वाक्यात, तर आयुष्यात पुन्हा तिचं नाव कँटीनमध्ये काढणार नाही."

धीरज लगेच म्हणाला, "ठरलं. आणि बोलली, तर मी सगळ्यांसमोर माझे शब्द परत घेतो."

घरी येऊन शैलेशने बायकोला, स्नेहलला, हे सांगितलं. स्नेहल शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना घरगुती जेवण करून द्यायची. ती खोबरं खवत होती. ती खवतच राहिली.

"आणि आजपासून तिच्यासमोर नीट बोला," शैलेशने फर्मान काढलं. "हाय, नाय, आमी, तुमी, काही नको. शुद्ध. दादांनाही सांग."

दादा म्हणजे शैलेशचे वडील, नरहरी. ते ओट्यावरच बसले होते. "मला कशाला सांगायला पायजे? मी काय बोलतोच नाय तिच्याशी," ते म्हणाले आणि त्यांनी सुनेकडे बघितलं. स्नेहलने खाली बघितलं. दोघांनाही हसू आलं होतं, ते शैलेशला दिसलं नाही.

त्या हसण्याचं कारण मी तुम्हाला सांगतो. शैलेशला अजून माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

घरामागे त्यांची वाडी आहे. नारळ, सुपारी, मध्ये केळी. विहीर आणि पंपाची खोली पार दुसऱ्या टोकाला. मोटारीला पुरेशी वीज दुपारी चारच्या सुमाराला येते, आणि मग वाडीचं शिंपण सुरू होतं. पाणी मातीच्या चरातून वाहत येतं. त्या चराला दांड म्हणतात. आता गंमत बघा. पंपापाशी बसलेल्या माणसाला वाफे दिसत नाहीत आणि वाफ्यापाशी उभ्या माणसाला पंप दिसत नाही, मध्ये नुसती केळीची पानं. म्हणून सगळं काम हाकेवर चालतं. वाफ्याकडून हाक जाते, "सोड," की पंपावरचा पाणी सोडतो. वाफा भरला की हाक जाते, "पुरे," की तो बंद करतो. पंपावर दादा असायचे आणि वाफ्यावर स्नेहल, कडेवर मेघूला घेऊन.

थंडीत एकदा स्नेहलचा घसा बसला. आवाजच फुटेना. दादा तिकडे हाकेची वाट बघत बसलेले आणि इकडे हिच्या तोंडून नुसती हवा. तेव्हा तिने मेघूला दांडाच्या बांधावर उभं केलं आणि तिच्या कानात कुजबुजली, "सोड म्हण." मेघूने छाती भरून घेतली आणि ओरडली, "शोड."

आणि काय झालं? कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी उचलून फिरवलं नाही. थोड्या वेळाने दांडातून पाणी आलं. खरं पाणी, चकाकणारं, सुकी पानं पुढे ढकलत आलेलं, तिच्या पायांपर्यंत. मेघू बघतच राहिली. नंतर तिने "पुले" म्हटलं आणि पाणी थांबलं.

स्नेहलचा घसा दोन-तीन दिवसांत बरा झाला, पण हाकेचं काम मेघूने तिला परत दिलं नाही. स्नेहल ओरडायला लागली की मेघू तिच्या तोंडावर हात ठेवायची. शैलेश त्या वेळी एक तर कंपनीत असायचा, नाहीतर रात्रपाळी करून गाढ झोपलेला. त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने "सोड" आणि "पुरे" चेही पुठ्ठे केले असते.

तर रविवार आला. भगवंतसिंग साहेब आले, नवे कोरे बूट घालून. धीरज आला आणि त्याची बायको हेतल आली. हेतल बोईसरच्या गुजराती घरातली, बोलकी आणि हसरी. तिला खरं तर मेघूला नुसतं खेळवायचं होतं.

बसायला कुठे घालायचं यावर शैलेशने सकाळपासून विचार केला होता. शेवटी वाडीत नारळांच्या मधली एक सपाट, खोलगट जागा त्याला पसंत पडली. त्याने तिथे चटया अंथरल्या. स्नेहल भजीसाठी केळी घेऊन जात होती, ती थांबली.

"इथे बसवताय?"

"किती गार जागा आहे बघ."

"गार हाय खरी," स्नेहल म्हणाली आणि आत गेली.

दादांना शैलेशने सांगून ठेवलं होतं, "आज पाहुणे उठेपर्यंत पाणी सोडू नका. इकडून हाक आली तरच सोडा."

"मी कधी हाकेशिवाय सोडतो?" दादा म्हणाले आणि पंपाच्या खोलीत जाऊन बसले.

शहाळी पिऊन झाली, तोवर चार वाजून गेले होते. चटईच्या कडेला सगळ्यांचे बूट-चपला नीट मांडलेले. शैलेशने मेघूला नवा फ्रॉक घालून आणलं, समोर बसवलं आणि पुठ्ठे काढले.

"मेघाली, हे काय आहे?"

मेघूने आंब्याकडे पाहिलं. मग पप्पाकडे पाहिलं. अजून विसरलेलाच.

"सांग बाळा. हा पिवळा पिवळा, गोड गोड…"

मेघूने पुठ्ठा घेतला, उलटा केला, मागे काही आहे का ते बघितलं आणि चावला.

"वाक्य सुरू झालं का?" धीरजने विचारलं.

"थांब रे, लाजते ती."

मेघू अजिबात लाजत नव्हती. ती साहेबांच्या मिशांकडे टक लावून बघत होती. शैलेशने केळं दाखवलं, माऊ दाखवली, शेवटी खरा चेंडू आणला. मेघूने चेंडू घेतला आणि हेतलच्या ओटीत टाकला. तोंड मात्र घट्ट बंद. हेतल म्हणाली, "अहो राहू दे ना शैलेशभाई, मूल आहे ते. काही रेडिओ आहे का, बटण दाबलं की बोलायला?"

"बोलेल, बोलेल," धीरज समजुतीने म्हणाला. हा समजुतीचा सूर टोमण्यापेक्षा वाईट होता. "आपण उद्या कँटीनमध्ये कोणाला काही सांगायचं नाही. मी एकटाच सांगेन, मूल फार गोड आहे म्हणून."

शैलेशच्या कपाळावर घाम आला. उद्याचं कँटीन त्याला दिसायला लागलं. सगळे डबे उघडलेले आणि सगळे त्याच्याकडे बघत असलेले.

"तिला खाली बसून कंटाळा आलाय," तो म्हणाला. "उंचावर उभी केली की बघा कशी बोलते." त्याने आजूबाजूला पाहिलं. चटईच्या टोकाला मातीचा एक छोटा उंचवटा होता. व्यासपीठासारखा. त्याने मेघूला उचललं आणि त्यावर नेऊन उभं केलं.

तुम्ही ओळखलंत ना तो कुठला उंचवटा ते? तो दांडाचा बांध होता. रोज चार वाजता मेघू जिथे उभी राहते, तो.

पायाखाली ती ओळखीची माती आली आणि मेघूचा चेहरा एकदम बदलला. मोठी माणसं कामावर गेली की करतात तसा, गंभीर. तिने पाहुण्यांकडे सरळ पाठ फिरवली. हात पोटावर घेतले, छाती भरून घेतली.

"शोड."

अशी खणखणीत हाक की झावळीवरचा कावळा उडाला.

हेतलने टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वाह, आवाज़ में दम है." शैलेशला आनंद झाला, पण हा शब्द कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हता.

"सोड म्हणाली," त्याने सांगितलं.

"ते ऐकलं," धीरज म्हणाला. "तुलाच म्हणाली. सोड पप्पा आता, पुरे झालं. पण वाक्य कुठाय? हा एक शब्द झाला."

"एका शब्दाचंही वाक्य असतं."

"असं कोण म्हणतं?"

"व्याकरण."

"साहेब, तुम्ही सांगा, एका शब्दाचं वाक्य होतं का?"

भगवंतसिंग साहेबांनी विचार केला. "हमारे यहाँ तो होता है. मैं तुम लोगों को रोज़ बोलता हूँ, चलो. पूरा वाक्य है. पर कोई चलता नहीं."

केळीच्या पलीकडून घुर्र असा आवाज यायला लागला होता. वाद असा रंगला होता की कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. धीरज हट्टाने म्हणत होता की वाक्य म्हणजे कमीत कमी दोन शब्द तरी पाहिजेत, आणि दोन शब्द आले की तो उद्या स्वतः सगळ्यांसमोर उभा राहून कबूल करेल. शैलेश म्हणत होता की अर्थ समजला की झालं.

तेवढ्यात साहेबांनी बसल्या जागी चटई चाचपली. मग दोन्ही हातांनी चाचपली. मग ते उठून उभे राहिले आणि आपल्या पँटचा मागचा भाग बघायचा प्रयत्न करायला लागले. माणसाला स्वतःचा मागचा भाग दिसत नाही, म्हणून ते गोल फिरत होते.

"काय झालं साहेब?" धीरजने विचारलं, आणि मग त्यालाही समजलं. तो चटईवर मोजे घालूनच बसला होता.

दांडातून पाणी भरभरून येत होतं. सुकी पानं, सुपारीची सालं सगळं ढकलत येत होतं आणि त्या खोलगट, गार जागेत पसरत होतं. आंब्याचा पुठ्ठा तरंगायला लागला. त्याच्या मागोमाग साहेबांचे नवे बूट निघाले, एक पुढे, एक मागे, जणू पाण्यावर चालत निघालेत. हेतलने ड्रेस घोट्यापर्यंत उचलला आणि ती हसत सुटली.

"दादा, पुरे," शैलेश ओरडला. "पुरे, पुरे."

"पुरे," धीरज ओरडला.

"बस, बस, पुरे," साहेब ओरडले. मराठी बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

पंपाच्या खोलीत दादांनी हे ऐकलं आणि मांडी बदलून पुन्हा निवांत बसले. त्याचंही कारण आहे. केळव्याला सुट्टीच्या दिवशी माणसांची जत्रा असते. रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यांना वाडीतली हाक ऐकून मजा वाटते आणि तेही कुंपणाबाहेरून ओरडतात. एका रविवारी अशाच कोणाच्या "सोड, सोड" वर पाणी सोडून दादांनी अख्खी केळ बुडवली होती. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं की रविवारी पुरुषांचा आवाज आला की तो ऐकायचाच नाही. स्नेहलचा ऐकायचा, नाहीतर मेघूचा.

स्नेहल भज्यांचं ताट घेऊन आली आणि पायरीवरच थांबली. पाण्यात उभे राहिलेले तीन पुरुष आणि बांधावर उभी राहून कामाची देखरेख करणारी आपली मुलगी, हे सगळं तिने डोळे भरून पाहून घेतलं.

"स्नेहल, हाक मार दादांना," शैलेश म्हणाला.

"मी? माझं कोण ऐकतंय? ही मला बोलायलाच देत नाय. शिंपणाची हाक आता हीच मारते." तिने मेघूकडे बोट दाखवलं. "थंडीपासून. तुमी झोपलेले असता तेव्हा."

शैलेशने बायकोकडे पाहिलं. मग बांधाकडे पाहिलं.

"म्हणजे ती सोड म्हणाली म्हणून पाणी आलं?"

"मग काय, तुमी आंबा दाखवला म्हणून आलं?"

शैलेश पंपाकडे धावणार होता. धीरजने त्याचा दंड पकडला. मोज्यांतून पाणी निथळत होतं तरी त्याच्या डोळ्यांत मजा होती. "थांब. तू नाही जायचं. तिला सांगू दे. वाक्यात."

"अरे, पाणी वाढतंय."

"वाढू दे. मी असाही भिजलोय. तीच बंद करू दे, दोन शब्दांत, आणि उद्या मी सगळ्या कँटीनसमोर माझे शब्द परत घेतो."

आता बघा, शैलेश कुठे उभा आहे. घोटाभर पाण्यात. त्याच्या पुढ्यात त्याची मुलगी आहे, मागे अख्खं कँटीन. तो बांधापाशी गेला आणि फतकल मारून बसला, तसाच, पाण्यात. आता भिजायचं काही राहिलंच नव्हतं. त्याचं तोंड मेघूच्या तोंडाच्या समोर आलं.

"मेघू," तो म्हणाला. पुठ्ठा नव्हता, शुद्ध भाषाही कुठल्या कुठे गेली होती. "बाय माझी, आयक. पानी लय झालं. दादाला सांग, पानी पुरे. सांगशील ना?"

मेघूने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस आज काहीतरी खरं विचारत होता. उत्तर त्याला माहीत नव्हतं. तिने त्याच्या ओल्या गालाला बोट लावून पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं, किती आलंय ते. मग चटईच्या पलीकडे पाहिलं. तिथे शेवटच्या नारळाचं आळं अजून कोरडं होतं. रोज ते भरल्याशिवाय काम थांबत नसे.

ती केळीकडे वळली. साहेबसुद्धा गोल फिरायचे थांबले. तिने पोटावर हात घेतले आणि छाती भरून घेतली.

"दादा, आजून शोड."

मग ती बांधावरून उतरून धप्पकन पाण्यात आली, तरंगत आलेला साहेबांचा एक बूट तिने दोन्ही हातांनी उचलला, काठोकाठ भरला, सांडत सांडत त्या शेवटच्या नारळापाशी नेला, बुंध्याशी ओतला आणि दुसरा भरून आणायला परत वळली.